तांदळात लिहिलेलं नाव

आमच्या शेजारच्या भाऊजींइतका चिवट माणूस अख्ख्या डोंबिवलीत दुसरा सापडायचा नाही. 'नाही' हेही एक उत्तर असतं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. भाजीवाली 'कोथिंबीर संपली' म्हणाली की भाऊजी तिला गोणी उघडून दाखवायला लावत, आणि मेली एक तरी जुडी निघेच. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून ते कुठल्याही कचेरीत घडीचं स्टूल घेऊन जातात. "वहिनी, उभ्या माणसाला कटवणं सोपं. बसलेला माणूस म्हणजे मुक्काम!"

धाकटा भाऊ आणि भावजय पाठोपाठ वारले, तेव्हा त्यांची रेवा या बिनलग्नाच्या काकाकडे आली. तिच्या डब्यासाठी ते माझ्याकडे पोळ्या शिकले. पोरीने भाकरीएवढ्या जाड पोळ्या मुकाट खाल्ल्या. मग भाऊजींची अँजिओप्लास्टी झाली, आणि दवाखान्यातून आले ते एकच ध्यास घेऊन: रेवाला ऑस्ट्रेलियातल्या सख्ख्या मावशीकडे धाडायचं. मावशी केव्हाची बोलावत होती. अनाथ भाचीला तसा व्हिसा मिळतो, पण अर्ज ती अठराची व्हायच्या आत जायला हवा, आणि मावशी तिच्या आईची सख्खी बहीण आहे हे सिद्ध व्हायला हवं.

तिथेच घोडं अडलं. आई माहेरच्या कागदांत मंदा, आणि रेवाच्या जन्मदाखल्यावर स्वाती. ठाण्याचे वकील म्हणाले, "काका, कागदावर या दोन वेगळ्या बायका आहेत."

"अहो, लग्नात नाव बदललं! भावाने तांदळात लिहिलं, ताट मीच धरलेलं!"

"तिकडे तांदूळ चालत नाहीत, काका."

दुसऱ्या दिवशी भाऊजी ताट, तांदूळ आणि अंगठी घेऊन वकिलांच्या टेबलापुढे हजर. "काका, प्लीज, चला ना!" रेवा लाजेने अर्धी झाली. काका स्टुलावर. शेवटी वकिलांनीच तोड सांगितली, की दोन्ही नावं ठाऊक असलेल्यांची प्रतिज्ञापत्रं आणा. भाऊजींनी कल्याणजवळच्या मोहन्यातली भावजयीच्या माहेरची चाळ पालथी घातली आणि दोन रिक्षा भरून म्हाताऱ्या नोटरीपुढे नेल्या. "मंदाला मी अंगाखांद्यावर खेळवलीय," एक म्हणाली. "तीच स्वाती. आणि लग्नात जिलबी आमच्या पंगतीपर्यंत आलीच नाही, ते पण लिहा."

अर्ज वेळेत गेला आणि बऱ्याच महिन्यांनी व्हिसाही आला. मी पेढे घेऊन गेले, तर रेवा दारातच रडत होती. "काका, मी नाही जात." भाऊजी घडीचं स्टूल उघडून तिच्यापुढे बसले. म्हणाले, "अगं, मी किती पुरणार तुला?"

ती गेली. रोज फोन करून काकांनी गोळी घेतली का विचारते.

परवा आम्ही दोघं भाजीला गेलो होतो. भाजीवाली म्हणाली, कोथिंबीर संपली. भाऊजी "बरं" म्हणाले आणि चालू लागले. "एका माणसाला लागते किती, वहिनी?"

मी पिशवी खाली ठेवली आणि भाजीवालीला म्हटलं, "गोणी उघडून दाखव बघू."