पाणी सांडलं नव्हतं

पंधरा ऑगस्टला, झेंडावंदन झाल्यावर, शाळा समितीच्या अध्यक्षांनी मी दिलेला पाण्याचा ग्लास माझ्याच पायांवर उपडा केला. समोर पोरं ओळीत उभी होती. माझ्या वर्गातली, पाचवीची.

"तुमच्या जातीच्या हातचं पाणी आमी पीत न्हाई, बाई."

एवढं बोलून ते खुर्चीत टेकले. हेडमास्तर धावत जाऊन दुसरा ग्लास घेऊन आले. त्यातलं मात्र घटाघटा प्यायले.

मी कामथडीची, बौद्ध घरातली. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या शाळेत मराठी शिकवते. त्या दिवशी ओल्या पायांनीच घरी गेले. लाज वाटली. माझी कसली लाज? पण वाटली. दुसऱ्या दिवशी मात्र सांगून टाकलं, मी पोलीस ठाण्यात जाणार.

मग काय, नुसती पळापळ. ऑफिसात बैठक, चहा, बिस्किटं. हेडमास्तर गोड आवाजात म्हणाले, "अध्यक्ष लेखी माफी देतायत. तुमचं मराठी चांगलं, बाई. मजकूर तुम्हीच लिहा."

वा रे वा! अपमान त्यांनी करायचा आणि माफी मी लिहायची. तरी लिहिलं. म्हटलं, याच शाळेत नोकरी करायचीय.

'मी बाईंची जात काढली. त्यांच्या पायांवर पाणी ओतलं. त्यामुळे बाईंचा अपमान झाला. मी माफी मागतो.'

"जात कशाला मधी?" अध्यक्ष म्हणाले. ते वाक्यच गेलं. "ओतलं नको, सांडलं करा. अर्थ त्योच." केलं. "अपमान लई जड हुतंय." हेडमास्तरांनी गैरसमज सुचवला. माफीची दिलगिरी झाली.

पोरांना मी समानार्थी शब्द शिकवते. एक काढा, दुसरा घाला, वाक्य तेच राहतं, असं वर्षानुवर्षं सांगत आले. आता उरलेलं मोठ्यानं वाचलं.

'त्यांच्या पायांवर पाणी सांडलं. त्यामुळे बाईंचा गैरसमज झाला. मी दिलगीर आहे.'

म्हणजे चूक माझी! माझ्याच अक्षरात!

डोकं भणभणलं. कागदाचा बोळा केला आणि अध्यक्षाच्या भरल्या कपात कोंबला. "प्या आता."

तशीच ठाण्यात गेले. लिहून घेणारा हवालदार म्हणाला, "अपशब्द वापरले, असं घालू का?"

"न्हाई. तो जे बोलला तेच घाला. एक अक्षर हलवायचं न्हाई."

समेटाचे निरोप अजून येतात. कधी हेडमास्तर, कधी अध्यक्षाचा भाऊ. येऊ देत. कोर्टात तो पिंजऱ्यात उभा राहील, तेव्हा त्याचं वाक्य, जसंच्या तसं, त्याच्या बायकापोरांच्या देखत वाचलं जाईल. मी समोरच बसणार. त्याची मान खाली गेलेली मला बघायचीय. आणि ती बघितल्यावरही मी माफ करणार न्हाई.