खालच्या थरातला विनीत

कोपरीच्या गोविंदा पथकात विनीत अकरा वर्षं सगळ्यात खालच्या थराला उभा राहिला. टेंभी नाक्यावर हंडी फोडणाऱ्याचं नाव माईकवरून पुकारतात, खालच्यांना कोणी विचारत नाही. पण पथकात मान खालच्यांनाच. त्या मानाची विनीतला भारी चटक होती.

लग्नाला चार वर्षं होऊनही पाळणा हलेना, तेव्हा तपासण्या झाल्या त्या फक्त त्याच्या बायकोच्या, रचनाच्या. रक्त, सोनोग्राफी, पोटात इंजेक्शनं. वर सासूने सोळा सोमवार मागे लावले. "माझी कसली तपासणी? दोन-दोन माणसं खांद्यावर घेतो मी!" विनीत म्हणायचा, आणि हा अडाणीपणा घरात सगळ्यांना पटायचा. रचना सोडून.

गेल्या वर्षी उन्हाळ्यातच सुरू झालेल्या सरावात त्याच्याच मांड्या थरथरायला लागल्या. दिवसभर पेंग, अंगात त्राण नाही, बायकोकडे पाठ करून झोपायचा. शेवटी चोरून डॉक्टरकडे गेला. दोन वेगवेगळ्या सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं; दोन्ही वेळा टेस्टोस्टेरॉन कमी. डॉक्टरांनी नीट समजावलं, "वजन उतरवा. घोरता ना, झोपेची तपासणी करू. मूल हवंय, तर या हार्मोनचं इंजेक्शन अजिबात नको. वेगळी औषधं आहेत. वीर्यतपासणी करा आणि पुढच्या वेळी बायकोला सोबत आणा."

बायकोला आणा म्हटल्यावर हा कशाला परत जातोय! रिपोर्ट घेऊन तो गेला जिमवाल्या मितेशकडे.

"अरे भाई, टेस्टो कमी आहे ना? मग टेस्टोच टाकायचा. सिंपल!" मितेश म्हणाला.

दर आठवड्याला एक सुई. दोन-तीन महिन्यांत दंड फुगले, डोळ्यांत चमक आली. गोकुळाष्टमीला विनीत पुन्हा खाली घट्ट उभा राहिला, पथकाने त्याला उचलून नाचवलं. त्या श्रावणातही रचना सोमवार करत होती. तिच्या उपासांची याला लाज वाटली नाही, हे मला आजही पचत नाही.

यंदा रचनाच्या डॉक्टरीणबाईंनी हट्टच धरला, नवऱ्याचा रिपोर्ट आणल्याशिवाय पुढचे उपचार नाहीत. रिपोर्ट आला. शुक्रजंतू शून्य.

"काही इंजेक्शनं घेता?" बाईंनी विचारलं. मग सगळं बाहेर आलं.

"बाहेरून हार्मोन मिळालं की शरीर शुक्रजंतू बनवायचं थांबवतं. आता सुई बंद, पण माझ्या देखरेखीखाली. बहुतेकांचे परत येतात, कधी वर्ष लागतं, कधी जास्त. तुमचे येतीलच असं मी लिहून देणार नाही."

रिक्षातून उतरताना रचना म्हणाली, "आईंना तू सांगायचंस. आजच. एवढं एकच मागतेय."

त्याने सांगितलं, जमिनीकडे बघत. आईने निवडायला घेतलेली मेथी बाजूला सारली.

"मला सांगितलंस ते ठीक. बाहेर ब्र काढू नकोस. लोकांना तिच्यातच दोष वाटतोय ना, वाटू दे."

विनीतला हायसं वाटलं. इतकं, की मोठ्ठा सुस्कारा सुटला. स्वयंपाकघरात रचना तिघांचा चहा गाळत होती, तिला तो ऐकू आला. तिने गाळणं तसंच ठेवलं, आत गेली आणि कपाटावरची बॅग खाली काढली.