साक्षीमास्तर

कुणी काहीही सांगू लागलं की साक्षीमास्तर आधी विचारायचे, "पाह्यलं का आयकलं?" मग ते भूत असो, पुढारी असो की शेजारणीचं भांडण. खामगावच्या मिशनशाळेतून निवृत्त झालेला हा म्हातारा दर रविवारी चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायचा. त्या वाचनावरच तो जगत होता.

मी धर्माविरुद्ध पत्रकं काढणारा. 'येशू झालाच नाही' असं छापायचं ठरवलं आणि पुरावा मागायला थेट त्यांच्याच घरी गेलो. त्यांनी चहा दिला आणि एका प्राचीन यहुदी इतिहासकाराचं जाडजूड पुस्तक पुढ्यात ठेवलं.

"येशू मसीहा होता, असं इथं लिहिलंय. पण हा माणूस यहुदी जगला, यहुदीच मेला, ख्रिस्ती झालाच नाही. तो असं काऊन लिहीन? मागून कोण्या भक्तानं घुसडलं हे."

"म्हणजे सगळंच खोटं!"

"दम धर बे. पुढं कोण्या याकोबाले दगडानं मारल्याचं सांगते. कोणता याकोब? तं ज्याले ख्रिस्त म्हणत, त्या येशूचा भाऊ. बस. ना स्तुती, ना शिवी. घुसडणारा इतकं कोरडं नाही लिहीत. ठिगळ लावलं म्हून गोधडी खोटी होते का?"

मला त्यातलं पहिलं अर्धंच हवं होतं. ते म्हणाले, "छापशील तं दोन्ही छाप." आमच्या नास्तिकांच्या मंडळानं एकही छापलं नाही.

पुढे पाळकांनी तोच स्तुतीचा उतारा 'यहुद्याचीही साक्ष' म्हणून भर चर्चमध्ये गाजवला. मास्तर बाकावरून उठले. "तेवढं त्याचं नाही, साहेब. येशूले खोटा साक्षीदार कायले पाहिजे?" पुढच्या रविवारपासून त्यांचं वाचन बंद! खरं बोलल्याचं हे बक्षीस. दुसरा कुणी वाचायचा आणि मास्तर मागच्या बाकावर नुसते ओठ हलवायचे.

मग अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेली. ती परत आली नाही.

दफनाच्या वेळी पाळक म्हणाले, "मास्तरांनी शेवटी चूक कबूल केली. तो उतारा खराच, असं ते बोलले."

माझं डोकं फिरलं. "पाह्यलं का आयकलं?"

"आयकलं," ते खाली बघत म्हणाले.

संध्याकाळी आमच्या मंडळाचा चिटणीस मला म्हणतो, "लिही ना बे, मरताना बुढ्यानं देव सोडला. कोण पाहाले येते?"

माती अजून ओली होती आणि दोन्हीकडून ठिगळं लागली.

म्हणून हे लिहितो. वाचा गेल्यापासून शेवटच्या श्वासापर्यंत मी त्यांच्या उशाशी होतो. मास्तर एक शब्द बोलले नाहीत. रविवारी चर्चची घंटा झाली की ओठ तेवढे हलायचे. काय म्हणायचे, मला ठाऊक नाही. हलायचे, एवढं पाह्यलं.