गार्डआप्पांचा शेरा

गार्डआप्पा लग्नालासुद्धा डायरी घेऊन यायचे. दौंडला मालगाडीवर गार्ड म्हणून अख्खी नोकरी गेली. गाडी कुठं थांबली, किती मिनिटं आणि का, हे लिहायची हाताला सवय. रिटायर झाल्यावर गाडी राहिली नाही, मग ते बाकीच्या जगाचं लिहू लागले. माझ्या लग्नाची नोंद मी स्वतः वाचली आहे : 'वेळ १२.३५. प्रत्यक्ष १.२०. कारण : नवऱ्याचे मामा.'

"एकदा लेट लिवलं की मानूस सुधारतंय," आप्पा म्हणायचे. मामा काही सुधारले नाहीत. वर्षभर आप्पांशी बोलले मात्र नाहीत.

रेल्वे कॉलनीत आमची भिंतीला भिंत. आप्पांच्या पत्नी, आमच्या काकू, वारल्या, आणि दोन वर्षांनी आप्पा बुद्धविहारातल्या मंडळींबरोबर श्रीलंकेला जाऊन आले. आल्यावर काय काय सांगायचे! भन्तेंचं प्रवचन किती मिनिटं लांबलं, बस कुठं बंद पडली. चपलांचा किस्सा तर ठरलेला. "अनुराधापूरला बोधिवृक्षाखाली समदे डोळं मिटून ध्यानाला. आन् मी एक डोळा उघडा ठिवून चपलांकडं. म्हनलं, कुनी उचलून न्हेल्या तर?" आम्ही पोट धरून हसायचो. दर वेळी.

त्याच हसण्यावर मी सिनेमा काढला. दौंडचा एक गार्ड शांती शोधायला लंकेला जातो आणि मठाचं टायमिंग लिहीत बसतो, एवढीच गोष्ट. पुण्यातल्या एका समीक्षकानं त्याला 'काळाच्या पलीकडचा प्रवास' म्हटलं. दुसऱ्यानं लिहिलं, 'दिग्दर्शक कुठे निघाला आहे हे त्यालाच ठाऊक नसावे.' तिसऱ्यानं अडीच तारे दिले आणि कारण दिलंच नाही. आप्पांनी त्याला नोकरीवरून काढला असता. शिरूरला पहिल्या खेळाला मांडवगणचे एक पाहुणे मध्यंतरापर्यंत मारामारीची वाट बघत बसले, आणि मग उसाला पाणी सोडायचंय म्हणून उठून गेले. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत : चपलांचा सीन म्हणजे धमाल.

मला त्यांच्या ताऱ्यांशी काय करायचंय! धास्ती होती ती आप्पांची. माणूस म्हणजे तेच, प्रवास त्यांचा, आणि हशा मी पिकवलेला. त्यांना ती थट्टा वाटली असती, तर मी कॉलनीत कोणत्या तोंडानं राहणार होतो?

दौंडला रेल्वेच्या हॉलमध्ये खेळ लावला. आप्पा पहिल्या रांगेत, डायरी मांडीवर. मी शेजारी. अर्ध्या तासानं चोरून वाचलं : 'मठात थांबा २२ मिनिटे. कारण दिसत नाही.' माझा जीव भांड्यात पडला. इतकं खरं पुण्यात कुणी लिहिलं नव्हतं. मग चपलांचा सीन आला आणि लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. आप्पांचं पेन थांबलं.

खेळ सुटल्यावर कुरकुंभच्या शिफ्टवरून थेट आलेली पोरं ओरडली, "आप्पा, चपला सांभाळा!" आप्पाही हसले. घराकडे चालताना मी विचारलं, "आप्पा, कसा वाटला?"

"बरा हाय. एक चुकलंय. चपला किती दावल्यास?"

"एक जोड."

"दोन व्हते."

"दुसरा कुणाचा?"

"तुझ्या काकूचा. तिला यायचं व्हतं तिकडं. पिशवीत घालून न्हेल्या, माझ्या चपलांशेजारी मांडल्या. त्या कुनी न्हेल्या असत्या तर?"

"आप्पा, मी तो सीन काढून टाकतो."

"काढू नगं. तुझी काय चूक? मीच अर्धं सांगितलं. पुरं सांगाया कदी जमलंच न्हाई."

आप्पा गेल्या उन्हाळ्यात गेले. सिनेमा आता मोबाइलवर दिसतो, नवी पोरं त्याच सीनबद्दल हसून हसून लिहितात. त्यांचा मला राग येत नाही. त्यांनी आप्पांना कुठं पाहिलंय? मी तर भिंतीपलीकडे राहत होतो. दहादा ऐकलं, दहादा हसलो, आणि एकदाही विचारलं नाही, की आप्पा, बोधिवृक्षाखाली बसून तुम्हाला जुन्या चपलांची एवढी काळजी कशाला?