रविवारची केळी
पिकल्या केळ्यांचा गोड वास आला की मला जळगावातला, स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी आलेला एक रविवार आठवतो. गावातली दोन चर्च मिळून गरजूंसाठी धान्याचं कोठार चालवत आणि त्याची किल्ली माझ्याकडे असे. एका चर्चचे पाद्री रविवारच्या विसाव्याबाबत फार कडक होते; त्या दिवशी वाटप करायचं नाही, या अटीवरच ते सोबत आले होते. त्या सकाळी तापीकाठचे एक शेतकरी आबा बैलगाडीभर केळी घेऊन कोठाराच्या दारात उभे राहिले. त्यांना रेल्वेची वॅगन मिळाली नव्हती आणि घड पिवळे पडले होते; सडण्याआधी ते गरजूंना द्यावेत, असं त्यांच्या मनात होतं. "उद्या वाटू," पाद्री म्हणाले. "रविवार तुमना शे, केळीसना नही," आबा म्हणाले. दुसऱ्या चर्चची मंडळी पाद्रींवर चिडली. कोठाराची भागीदारी इथंच मोडते, अशी मला धास्ती वाटली. तेवढ्यात पाद्रींच्याच चर्चमधल्या वयस्कर अक्का म्हणाल्या, "वाटप नको ना? मग प्रीतिभोजन करू. सोबत बसून खायला देवाच्या दिवशी कुठं मनाई आहे?" पाद्रींना हसू आवरेना. एरवी कोठारापुढे रांगेत उभी राहणारी कुटुंबं बोलावली आणि चिंचेखाली सगळे एकाच पंगतीत बसलो. शेवटी पाद्री स्वतः बैलांना साली चारू लागले. "साहेब, हे वाटपच झालं की," कुणीतरी टोमणा मारला. "अटीत बैल नव्हते," ते म्हणाले. रविवारचा विसावा मी आजही पाळतो. पण त्या दिवशी दारी कुणी मागायला आलं, तर त्याला घरात बसवतो आणि आम्ही दोघं जेवतो.