डोक्यावर पडला होतात का?

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच हसलात की माझा धागा सुटतो, आणि सुटलेला धागा हल्ली मला लवकर सापडत नाही. सगळी फजिती त्याचीच तर आहे! परभणीच्या दवाखान्यात मी एका डॉक्टरीणबाईशी भांडलो, सख्ख्या बायकोवर नको तो आळ आणला, आणि कशावरून? तर बाईंनी मला डॉक्टरकीतला एक साधा, सरळ प्रश्न विचारला म्हणून.

मी मूळचा बोरीचा, नोकरीनं मानवतला. हायस्कूलला गणित शिकवतो. म्हणजे डोक्यावरच पोट भरणारा माणूस. पण गेल्या पावसाळ्यापासून त्या डोक्यातच काहीतरी बिघडलं. कपाळामागे सारखं ठणकायचं. उजेड सोसेना, पोरांचा गलका सोसेना. चप्पल घालायला वाकलो की भिंत फिरायची. आणि शब्द तर सापडायचेच नाहीत. फळ्यासमोर उभं राहून ‘समजा, क्ष बरोबर’ म्हणायचं आणि पुढं काय ते आठवायचंच नाही. पोरं बिचारी माझ्या तोंडाकडे बघत बसायची.

एकदा तर बाजारात, मोंढ्याजवळ गाडी लावली, भाजी घेतली आणि ऑटोत बसून घरी आलो. अंगणात बघतो तर गाडी नाही! झालं, गाडी चोरीला गेली म्हणून मी सगळी गल्ली गोळा केली. दोघं-तिघं तर चोर शोधायला निघालेसुद्धा. तेवढ्यात सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, माझ्या हातातली मेथीची जुडी बघितली आणि शांतपणे विचारलं, "भाजी आणायला कशावर गेलताव?"

गल्ली पोट धरून हसली. मीही हसलो. पण खरं सांगू का, आतून मी पार घाबरून गेलो होतो. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, शेवटची काही वर्षं सगळं विसरले होते. मी समोर बसून त्यांना भात भरवायचो आणि ते मला अदबीनं विचारायचे, "पाव्हणं, कोणत्या गावचं?" त्यांचीही सुरुवात अशीच झाली होती, शब्द सापडेनासे झाले होते. मला वाटायला लागलं, आता आपला नंबर. माझी लेक पुण्याला शिकते. उद्या ती सुट्टीला घरी आली आणि मी तिलाच गाव विचारलं तर? ही भीती मी सुनंदालाही सांगितली नव्हती. सांगितली तर खरी होईल असं वाटायचं.

तर गेलो मानवतच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. दोस्त माणूस. त्यांनी नाडी बघितली, बीपी बघितलं, जीभ बघितली आणि सहज विचारलं, "सर, कधी डोक्यावर बिक्यावर पडला होता का?"

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे हा प्रश्न आहे का शिवी? वर्गात कोणी साती आठे चौपन्न म्हटलं की मी स्वतः त्याला हेच विचारतो, ‘लहानपणी डोक्यावर पडलतास का रे?’ मला वाटलं, दोस्तानं टोला हाणला. मग मी काय गप्प बसतो? म्हणालो, "पडलो असतो तर डॉक्टर झालो नसतो का?" ते हसले, मी हसलो, कंपाउंडर तर खुर्चीतून पडायचा बाकी होता. त्या हसण्यात प्रश्न गेला वाहून आणि मी पित्ताच्या गोळ्या घेऊन घरी आलो.

गोळ्या संपल्या, डोकं होतं तसंच. मग चष्मा बदलून झाला. मानेला पट्टा लावून झाला. कुणी म्हणालं कानात मळ असेल, तर तोही काढून झाला. प्रत्येकानं आपापला अवयव तपासला आणि मला पुढच्याकडे पाठवलं. शेवटी सुनंदानंच चौकशी करून परभणीच्या मेंदूच्या डॉक्टरांचा नंबर लावला आणि मला एसटीत बसवलं. स्वतः शेजारी बसली, म्हणजे मी मधेच कुठं उतरू नये.

दवाखान्यात आधी एक सिस्टर. तिनं नाव विचारलं, वय विचारलं, काय करता विचारलं. शिक्षक म्हटल्यावर जरा आदरानं पुढचं विचारलं, "सर, हेडची काही हिस्ट्री आहे का?"

शाळेत हेड म्हणजे एकच, हेडमास्तर. म्हटलं, बाईला शाळेतलं बरंच कळतंय. मी सांगितलं, "आजून न्हाई. पण सिनियॉरिटीत माझाच नंबर हाय, औंदा होईल."

तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, सुनंदाकडे एकदा बघितलं आणि आत आवाज दिला, "मॅडम, हेडची हिस्ट्री नाही." माझा चेहराच पडला. भरलेल्या दवाखान्यात एवढं मोठ्यानं सांगायची काय गरज होती?

आत डॉक्टरीणबाई होत्या. माझ्या लेकीपेक्षा चार-दोन वर्षांनी मोठ्या असतील. सगळं मन लावून ऐकलं. गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, मला फरशीच्या रेघेवरून चालवलं, नाकाला बोट लावायला लावलं. मी म्हटलं, चला, हुशार आहे पोरगी. आणि तेवढ्यात ती म्हणते, "काका, लहानपणी किंवा नंतर, तुम्ही कधी डोक्यावर पडला होतात का?"

मानवतच्या दोस्तानं विचारलं ते एकवेळ ठीक. पण इथं ओळख ना पाळख! आणि तेही बायकोसमोर! रेघेवरून मी नीट चाललो नसेन, कबूल. पण म्हणून तोंडावर असं बोलायचं?

"मॅडम," मी म्हणालो, "वीस-बावीस वर्षं झाली गणित शिकवायलोय. माझ्या हाताखालून शिकून पोरं डॉक्टर झालीत."

त्या गोंधळल्या. "हो, ते खरंच. पण पडला होतात का?"

"अजिबात न्हाई."

सुनंदानं पदरात तोंड खुपसलं होतं आणि तिचे खांदे गदगदत होते. आता तिला मी इतकी वर्षं ओळखतो, ती हसत होती. पण डॉक्टरांना ते कसं कळावं? त्यांना वाटलं, रडतेय. त्यांनी आवाज मऊ केला आणि मला विचारलं, "बरं, डोक्याला कधी मार लागला होता का?"

"मला कोण मारणार?" मी म्हणालो आणि रागानं सुनंदाकडे बघितलं, कारण आता तिचं हसू बाहेर यायला लागलं होतं. डॉक्टरांनी माझं ते बघणं बरोबर टिपलं. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसता का?"

दार लागलं. डॉक्टर खुर्ची पुढं घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "काका, इथलं बोलणं बाहेर जात नाही. घरात काही त्रास आहे का?"

मला वाटलं, काय बाई आहे! मी कोणाला न सांगितलेली भीती हिनं तोंडावरून ओळखली. मी म्हणालो, "हाय मॅडम. पावसाळ्यापासून जास्त हाय."

"कोणाकडून?"

"अण्णांकडून आला आसंल."

"अण्णा कोण?"

"वडील."

"ते मारतात?"

"मॅडम, ते वारले."

आता त्या माझ्याकडे बघताहेत आणि मी त्यांच्याकडे. दोघांपैकी नेमकं कोणाचं डोकं तपासायचं, हेच कळेना. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "काका, तुम्हाला नक्की कशाची भीती वाटतेय, ते सांगा."

आणि मग मी सगळं सांगितलं. अण्णांचं, भाताचं, ‘पाव्हणं, कोणत्या गावचं’चं. लेकीचं सांगताना मला रडू फुटलं. खरं सांगतो, अण्णा गेले तेव्हाही मी एवढा रडलो नव्हतो. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला.

मग म्हणाल्या, "मी तुम्हाला कमी समजत नाहीये. मला एवढंच सांगा, डोकं कधी जोरात आपटलं होतं का? रक्त आलं नसेल, जखम झाली नसेल. मुका मार."

"मुका मार व्हय!" मी म्हणालो. "तो लागलता की पावसाळ्यात."

शाळेच्या पायरीवर शेवाळ होतं. मी घसरलो आणि मागच्या बाजूनं डोकं दगडी पायरीवर दणकन आपटलं. थोडा वेळ आज वार कोणता तेच सुचेना. कोपऱ्यात जाऊन उलटी केली, चहा प्यालो आणि आठवीच्या वर्गावर गेलो. तिथं एकच गणित दोनदा शिकवलं म्हणे, पोरांनी नंतर सांगितलं. पण रक्ताचा टिपूस नव्हता, मग त्याला लागलं कसं म्हणायचं? आमच्याकडे रक्त आलं तर लागलं. नाही आलं तर झटकून उठायचं.

डॉक्टरांनी विचारलं, "काका, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी तर मी डोक्यावर पडलोय का, ते इचारलं."

त्यांनी दोन्ही हातांनी आपलंच कपाळ दाबून धरलं. मग सुनंदाला आत बोलावलं. आपल्याला बाहेर का काढलं, त्याचा अंदाज तिला एव्हाना सिस्टरकडून आला होता. आत आल्या आल्या तिनं विचारलं, "मॅडम, मी ह्यांना मारते आसं सांगितलं का ह्यांनी?" डॉक्टरांनी तिची माफी मागितली, मीही मागितली. तिनं डॉक्टरांना माफ केलं. माझं अजून चालू आहे.

याआधीही असं कधी झालं होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हणालो, छे. सुनंदा म्हणाली, आक्काला फोन लावा. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, बोरीलाच असते, मला तिनंच सांभाळलं. फोन स्पीकरवर टाकला आणि डॉक्टरांनी, आता अगदी जपून, विचारलं की तुमच्या भावाचं लहानपणी डोकं वगैरे आपटलं होतं का.

"कितींदाचं सांगू?" आक्का म्हणाली. "म्हशीवरून पडलता, हौदात पडलता. लिंबावरून पडला तवा तर दिसभर कोणालाच वळखंना. आईनं कांदा फोडून नाकाला लावला. आन् घराची चौकट तर रोजचीच. त्यात आगाव शहाणा. एकदा आपटलं की शिंगं फुटतील म्हणून मागं जाऊन पुन्ना आपटून यायचा."

लिंबाचं मला खरंच काही आठवत नव्हतं. चौकटीचं मात्र आठवलं. आता शिंगं फुटतात ती दोघांची डोकी एकमेकांवर आपटली तर, हे गावातल्या बाकीच्या पोरांना माहीत होतं. मी मात्र तोच नियम चौकटीलाही लावला. गणिताची आवड लहानपणापासूनची. डॉक्टर लिहिता लिहिता थांबल्या, खिडकीकडे तोंड केलं आणि बराच वेळ खोकल्या.

मग मशीनमध्ये घालून डोक्याचे फोटो काढले. दुपारी पुन्हा बोलावलं. तोवर सुनंदानं माझा हात धरून ठेवला होता, आणि मी तो सोडवून घेतला नाही. आत गेल्यावर डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरले. म्हणाल्या, आत्ता तरी वडिलांच्या आजारासारखं यात काहीच दिसत नाही. मेंदूला हादरे बसलेत, आधीचे आणि वर हा पावसाळ्यातला, आणि तुम्ही एकदाही विश्रांती घेतलेली नाही. झोप पुरेशी घ्या, मोबाइल कमी करा, शाळा हळूहळू सुरू करा, चक्कर थांबेपर्यंत गाडीला हात लावू नका. वेळ लागेल, पण बरे व्हाल.

बरे व्हाल! तुम्हाला काय सांगू, त्या खुर्चीत मला नाचावंसं वाटलं. चक्कर येईल म्हणून नाचलो नाही एवढंच. सुनंदा मात्र आता खरंच रडत होती, आणि या वेळी डॉक्टरांना वाटलं, हसतेय.

बाहेर आलो तर बाकं माणसांनी भरलेली. तेवढ्यात आक्काचा फोन वाजला. तिनं दुपारचं जेवणसुद्धा केलं नव्हतं. मी आनंदात फोन उचलला, स्पीकरचं बटण दाबलं गेलं ते कळलंच नाही, आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असा ओरडलो, "आक्का, अण्णासारखं न्हाई मला! फोटो निघाले, मशीन झाली, मोठ्या डॉक्टरनं तपासून सांगितलं. मी नुसता डोक्यावर पडलेला हाय!"

पलीकडे आक्कानं एक मोठा श्वास सोडला. मग म्हणाली, "आरं बाबा, येवढ्यासाठी परभणीला कामून गेलास? बोरीत कोणालाबी इचारायचं व्हतंस."