गॅलरीत माणसं पाहिजेत!

काळजी करणाऱ्या माणसाकडे किस्से फार साठतात. बाकीचे मजा करत असतात तेव्हा हा आपला दारात उभा राहून सगळ्यांवर नजर ठेवून असतो, त्यामुळे सगळं त्यालाच दिसतं. मी तसलीच. गॅस बंद केलाय का हे बघायला बिबवेवाडीच्या चौकातून रिक्षा परत फिरवणारी बाई! आणि लोकांनी मलाच मुलींच्या हॉकी टीमची मॅनेजर केलं.

टीम चौदा वर्षांखालच्या मुलींची. माझी मुग्धा त्यात गोलकीपर. आधी या मुली मुरमाच्या मैदानावर खेळायच्या. मुरमावर गोलकीपरने झेप घेतली की गोल वाचायचा, कोपर वाचायचं नाही. दोन वर्षं मी हॉकी पाहिली ती फक्त बँडेजवरून. मग एका क्रीडा संकुलाने आम्हाला टर्फ दिलं, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान. हिरवंगार, मऊ, मॅचच्या आधी पाणी मारलेलं. मुलींनी पहिल्या दिवशी त्यावर नुसती लोळण घेतली.

आणि एक दिवस संकुलाच्या कमिटीतले परचुरे साहेब मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या मॅचला गॅलरीत कावळासुद्धा बसत नाही."

मी म्हटलं, "ऊन असतं हो."

"तिकडे बॉक्स क्रिकेटवाले मागे लागलेत. त्यांच्याकडे रात्रीसुद्धा गर्दी असते. सीझन संपेपर्यंत बघतो. मी येईन, नाहीतर माझा माणूस येईल. कधी ते सांगणार नाही. गॅलरीत माणसं दिसली तर टर्फ तुमचं. नाही दिसली तर..." त्यांनी हाताने हवेत चौकोन आखले. बॉक्स क्रिकेटचे.

टर्फ गेलं तर परत मुरूम. आणि निम्म्या मुलींच्या घरून मला आधीच सांगून झालं होतं, "मुरमावर असेल तर आमची नाही येणार." म्हणजे टीमच संपली. त्या दिवसापासून मी मॅच बघणं सोडलं आणि गेट बघायला लागले.

*

सुरुवात पालकांपासून केली. ग्रुपवर मेसेज टाकला, 'प्रत्येक मॅचला आई किंवा बाबा, एक जण तरी हवाच.' सगळ्यांनी अंगठे पाठवले. मॅचच्या दिवशी पार्किंग फुल्ल! मला भरून आलं. धावत गॅलरीकडे गेले, तर गॅलरीत चिटपाखरू नाही.

सगळे गाड्यांमध्ये. काचा वर, एसी चालू.

मी एकेकाची काच वाजवत फिरले. एका बाबांनी काच बोटभर खाली केली.

"अहो, मॅच सुरू झालीय. वर येऊन बसा ना."

"बघतोय की. इथून दिसतंय."

मी मागे वळून पाहिलं. समोर संकुलाची भिंत होती.

"अहो, ही तर भिंत आहे!"

"हो, पण आवाज येतोय," असं म्हणून त्यांनी काच वर केली.

*

आमचे कोच वानखेडे सर मूळचे अमरावतीचे. हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी आणि संध्याकाळी आमच्या मुली. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून हा माणूस रोज हसत कसा येतो, हे मला आजतागायत कळलेलं नाही. ते निघाल्याचा मेसेज आला की मी देवाजवळ दिवा लावते.

मी रडकुंडीला आले तेव्हा सर म्हणाले, "टेन्शन काहून घेता मॅडम? ऑफिसचे पोट्टे घेऊन येतो नं मी."

आणि खरंच घेऊन आले. गळ्यात आयकार्ड, पाठीवर सॅक, अशी दोन रांगा भरतील इतकी मुलं. मी एकदम खूश. बसल्याबसल्या सगळ्यांनी लॅपटॉप उघडले. चला, मान खाली का होईना, माणसं तर दिसतायत!

सेकंड हाफमध्ये समोरच्या टीमला गोल मिळाला. अंपायरने शिट्टी मारून मधल्या रेषेकडे हात केला, आणि त्याच क्षणी आमच्या गॅलरीतून एक जण ताडकन उभा राहून ओरडला, "नो, नो, नो! धिस इज नॉट ॲक्सेप्टेबल! हू अप्रूव्ह्ड धिस?"

अंपायर तरातरा माझ्याकडे आले. "मॅनेजर, तुमच्या प्रेक्षकांना आवरा. पुन्हा असं झालं तर मॅच थांबवीन."

मी हात जोडले. मागे वळून पाहिलं तर त्या मुलाच्या कानात हेडफोन. बिचारा क्लायंट कॉलवर होता, मैदानावर काय चाललंय याचा त्याला पत्ताच नव्हता!

कॉल संपल्यावर त्याने मला विचारलं, "काकू, आपण जिंकतोय ना?"

*

मग आले आपटे काका. कसबा पेठेत राहणारे, निवृत्त. नात श्रावणी आमची फॉरवर्ड. पहिल्या दिवशी ते गॅलरीत बसले, सोबत पाण्याची बाटली, छत्री आणि चेहऱ्यावर नाराजी.

"कसा वाटला गेम, काका?" मी मॅचनंतर घाबरत विचारलं.

"उत्तम. चेंडू सोडून सगळं दिसलं."

मला वाटलं, गेले हे. पण पुढच्या मॅचला ते आपला अख्खा कट्टा घेऊन आले. रोज सकाळी बागेत भेटणारे सहा-सात आजोबा. मॅच दुपारी तीनची ठेवली तेव्हा मात्र काकांचा फोन आला, "आपण तीन वाजता मॅच ठेवलीत असं कळलं. कोणासाठी?" मी मुकाट्याने वेळ बदलून घेतली.

आता गंमत अशी की हा कट्टा टाळ्या वाजवायचा समोरच्या टीमसाठी! त्यांनी गोल केला की सगळे आजोबा "वा, वा!" करत उठायचे. आमच्या मुलींचे चेहरे पडायला लागले.

मी हळूच म्हटलं, "काका, आपल्या मुलींना पण जरा..."

"खेळू देत की चांगलं. आम्ही कुठे टाळ्या संपवल्यात?"

श्रावणीने पुढच्या मॅचला तिघींना चकवून गोल मारला. सगळ्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी नाही. ते चष्मा काढून पुसत बसले होते, आणि मी विचारल्यावर म्हणाले, "धूळ फार आहे इथे." ओल्या टर्फवर कुठली आलीय धूळ!

*

आमच्या सोसायटीचं भजनी मंडळ मीच आणलं. बायका येताना टाळ घेऊन आल्या. मी म्हटलं, असू देत, तेवढाच आवाज होईल. आवाज झाला खरा! इतका, की अंपायरची शिट्टी कोणाला ऐकू येईना. समोरच्या टीमची एक मुलगी तर दोन्ही कानांवर हात ठेवून उभी राहिली.

त्यातच आमच्याविरुद्ध पेनल्टी कॉर्नर मिळाला. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, हा आयांना हार्ट अटॅक आणण्यासाठी काढलेला प्रकार आहे. गोलात आपली गोलकीपर आणि चारच मुली, बाकीच्या लांब मधल्या रेषेवर. समोरून अख्खी टीम अंगावर येणार, आणि चेंडू येतो तो दिसतच नाही.

मुग्धा वाकून उभी. आणि इकडे टाळ चालूच!

आपटे काका उभे राहिले. एरवी ते कधी आवाज चढवत नाहीत, त्यांना गरजच पडत नाही. पण त्या दिवशी गरजले, "गप्प बसा! पेनल्टी कॉर्नर आहे!"

टाळ थांबले. अख्खी गॅलरी चिडीचूप. मुग्धाने पॅडने चेंडू अडवला, त्याचा थप्प असा आवाज वरपर्यंत आला.

मंडळाच्या शिंदे मावशी माझ्या कानात म्हणाल्या, "अगं बाई, लग्नात अंतरपाट धरल्यावर होतं तस्सं झालं माझ्या पोटात!"

तेव्हापासून आमच्या गॅलरीचा तो नियमच झाला. पेनल्टी कॉर्नरला कोणी बोलायचं नाही. हिंजवडीची मुलं कॉल म्यूट करतात. चहावाला किटली खाली ठेवतो. कोणी नवखा बोललाच, तर सगळे नुसते त्याच्याकडे बघतात. पुण्यात तेवढं पुरतं.

*

पण परचुरे साहेबांचा काही पत्ता नव्हता. 'मी येईन, नाहीतर माझा माणूस येईल.' प्रत्येक अनोळखी चेहरा मला तो माणूस वाटायचा.

एका मॅचला हातात फाइल, कडक इस्त्रीचा शर्ट, असा एक जण गेटमधून आला आणि इकडेतिकडे बघायला लागला. मी पुढे झाले.

"या, या! आपलीच वाट बघत होतो."

"माझी?" त्याला बरं वाटलेलं दिसलं.

त्याला पहिल्या रांगेत बसवलं, चहा दिला. भजनी मंडळाने टाळ धरले, आजोबांनी मुद्दाम मोठ्याने टाळ्या वाजवल्या, वानखेडे सरांच्या मुलांनी चक्क लॅपटॉप बंद केले. मॅच संपल्यावर मी विचारलं, "मग? काय सांगणार साहेबांना?"

"साहेबांना काय सांगायचंय? मीटर कुठाय तेवढं दाखवा. रीडिंग घ्यायला आलोय."

मी मटकन खालीच बसले. वानखेडे सर हसून हसून लाल. पण तो माणूस पुढच्या मॅचला आला. बायकोला घेऊन आला. मीटर तेव्हाही राहून गेलं.

*

सीझनची शेवटची मॅच. आज येणार, नक्की येणार, हे मला सकाळी दूध उतू गेलं तेव्हाच कळलं.

गॅलरी भरलेली. कट्टा, मंडळ, हिंजवडी, मीटरवाले जोडपं, आणि गाड्यांमधले पालकसुद्धा वर आलेले! मी पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला. घ्यायला नको होता.

मैदान सांभाळणारे ज्ञानोबा मामा पळत आले. "ताई, गोंधळ झालाय. अर्ध्या मैदानाला पानी मारलं, पन त्या अंगाचा स्प्रिंकलर जाम हाय. व्हॉल्व्ह फिरतच न्हाई."

अंपायरनी येऊन गोलासमोरच्या अर्धगोलावर, म्हणजे डीवर, बूट घासून बघितला. "गोलासमोरचा डी पूर्ण कोरडा आहे. मुली घसरल्या तर सोलून निघतील. डी ओला करा, नाहीतर मॅच रद्द."

मॅच रद्द म्हणजे सीझन संपला, प्रेक्षक घरी आणि परचुरे साहेब रिकाम्या गॅलरीसमोर! वानखेडे सरसुद्धा "टेन्शन काहून घेता" म्हणाले नाहीत, तेव्हा मी जास्तच घाबरले.

आपटे काकांनी वरून विचारलं, "टाकीत पाणी आहे का?"

"टाकी भरलीय की," मामा म्हणाले.

"मग बघत काय बसलोय आपण?"

आणि अख्खी गॅलरी खाली उतरली. टाकीपासून डीपर्यंत रांग लागली. बादल्या, चहावाल्याचं पिंप, मुलींच्या बाटल्या, एकाने तर गाडी धुवायची बादली काढली. शिंदे मावशींनी पदर खोचला. आयकार्डवाल्या मुलांच्या हातातून आजोबांच्या हातात, आजोबांच्या हातातून मंडळाच्या. मुग्धा हेल्मेट घालूनच पाणी ओतत होती.

मी रिकामी बादली घेऊन वळले, तर गेटमध्ये परचुरे साहेब.

ते गॅलरीकडे बघत होते. शेवटच्या पायरीपर्यंत रिकामी. एक छत्री तेवढी पडली होती.

"मॅडम," ते शांतपणे म्हणाले, "काय ठरलं होतं आपलं?"

काय सांगू? रडूच यायला लागलं. तेवढ्यात आपटे काका आले, गुडघ्यापर्यंत भिजलेले. ते साहेबांना ओळखत नव्हते. ओळखत असते तरी काही फरक पडला नसता.

"उशीर केलात. घ्या." त्यांनी भरलेली बादली साहेबांच्या हातात दिली.

"अहो, मी कमिटीचा..."

"असाल. डावा कोपरा कोरडा आहे."

परचुरे साहेबांनी आपल्या चकचकीत बुटांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग मागून शिंदे मावशी ओरडल्या, "ओ दादा, रांग थांबवू नका!" साहेब निघाले.

मॅच झाली. सगळे ओलेचिंब गॅलरीत बसले होते. परचुरे साहेब माझ्या शेजारी, पँट दुमडलेली, बूट पायरीवर वाळत ठेवलेले. पहिल्या पेनल्टी कॉर्नरला ते काहीतरी विचारायला गेले, तर सगळी गॅलरी त्यांच्याकडे वळून बघायला लागली. साहेबांनी तोंड मिटलं.

एक-एक बरोबरी. शेवटची मिनिटं. मुली धावत होत्या आणि मला काही दिसत नव्हतं. टर्फ राहणार की जाणार, हा माणूस बोलत का नाही? शेवटी मला राहवलं नाही. शिट्टी वाजल्यासारखं वाटलं, पण मी त्यांच्याकडे वळलेच.

"साहेब, टर्फचं काय ठरवलंत? एकदा सांगून टाका, म्हणजे..."

परचुरे साहेब गोलासमोर वाकलेल्या मुग्धाकडे बघत होते. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"गप्प बसा हो मॅडम! पेनल्टी कॉर्नर आहे!"